मालवण स्नॉर्केलिंग रिव्ह्यू: सिंधुदुर्ग किल्ल्यामागचं प्रवाळ, दोन बोटी आणि बोट ठरवताना काय बघायचं

आमच्या कोल्हापूरकडचे निम्मे लोक वर्षातून एकदा तरी मालवण-तारकर्ली करतातच, आणि परत आले की पाण्याखालचे फोटो पडतात ज्यात सगळ्यांच्या हातात पावाचे तुकडे आणि भोवती पिवळ्या माशांचा गराडा, आणि खाली लगेच "कुठे केलंस? नंबर दे". मलाही खूप जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. नंबर देणार नाहीये, कारण बोटीवरची माणसं सीझनप्रमाणे बदलतात आणि आज चांगला असलेला ग्रुप पुढच्या वर्षी तसाच असेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण चांगली बोट ओळखायची कशी हे नक्की सांगू शकते, कारण आम्ही दोन वेगवेगळ्या ग्रुपबरोबर गेलो आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक होता, किल्ला तोच, पाणी तेच, पैसेही जवळपास तेवढेच.

आधी एक गोष्ट जी मालवणला जाणाऱ्या बऱ्याच लोकांना माहीतच नसते. आपण जिथे मास्क लावून उतरतो ती जागा अभयारण्य आहे. मालवण सागरी अभयारण्य, १९८७ साली जाहीर झालेलं, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला, बाजूचा पद्मगड आणि त्यांच्या आसपासचे पाण्याखालचे खडक. म्हणजे ताडोबाला जिप्सीत बसल्यावर आपण जसं गप्प, हातपाय आत घेऊन बसतो ना, तीच शिस्त इथेही लागू आहे. पण जेटीवर तिकीट काढताना, बोटीत चढताना, कुठेही हे ठळकपणे सांगणारं काही मला दिसलं नाही आणि पहिल्या ग्रुपने तर अभयारण्य हा शब्दही काढला नाही. पर्यटक बिचारे वॉटर स्पोर्ट्स म्हणून येतात, बनाना राइड, पॅरासेलिंग, स्नॉर्केलिंग असं पॅकेज घेतात, आणि तिसऱ्या नंबरच्या आयटममध्ये आपण एका जिवंत बागेवर उभे राहतोय हे त्यांना कुणी सांगतच नाही.

पहिली बोट. हॉटेलवाल्याने जोडून दिलेली, "एकदम बेस्ट आहे, फोटो व्हिडिओ फ्री". दुपारी बाराच्या सुमाराला आम्हाला किनाऱ्यावर बोलावलं, तिथे अजून दोन कुटुंबं आणि कॉलेजच्या मुलांचा एक ग्रुप, सगळ्यांना एकाच होडीत घेतलं. होडीवर किती माणसं न्यायची परवानगी आहे तो आकडा रंगवलेला असतो, तो इतका पुसट होता की वाचता आला नाही, मी विचारलं तर "काय नाय होत मॅडम, रोजचं आहे". लाइफ जॅकेट दिली पण माझ्या मुलीच्या जॅकेटचं एक बक्कल तुटलेलं, नाडीने बांधलं होतं. यांनी (नवऱ्याने) दुसरं मागितलं तर लहान साइझ एवढंच आहे म्हणाले. शेवटी यांचं आणि मुलीचं जॅकेट बदलायचा प्रयत्न केला, ते तिच्या डोक्यावरून निघून यायला लागलं, मग मी सरळ सांगितलं की ती पाण्यात उतरणार नाही, होडीतच बसेल. मुलगी रडली, पण त्याला माझा इलाज नव्हता.

किल्ल्यामागे पोचल्यावर त्यांनी नांगर सरळ टाकला, खाली काय आहे ते न बघता, आणि होडी ओढली गेली तसा तो खडकावरून घासत गेल्याचा आवाज वरपर्यंत आला. मग प्रत्येकाच्या हातात पावाची लादी. पाण्यात उतरलं की गाइड मागून धरतो, "तोंड खाली घाला, पाव सोडा", मासे झुंबड करून येतात, तो कॅमेरा घेऊन समोर, क्लिक क्लिक, आणि मग "आता त्या दगडावर उभं राहा, थम्स अप करा". तो दगड म्हणजे प्रवाळ होतं. कॉलेजची मुलं एकामागून एक त्यावर उभी राहत होती, एकाचा पाय घसरून नडगी चांगलीच सोलपटली. एवढं करून दहा मिनिटांत सगळं संपलं, "चला पुढचा ग्रुप थांबलाय". पाण्याखाली बघितलं काय तर पाव.

नुसतं चिडून लिहिलं तर लोक म्हणतात काय होतंय चार तुकड्यांनी, म्हणून पावाचं जरा समजावून सांगते. खडकांवर शेवाळ आणि समुद्री गवतासारख्या वनस्पती सतत वाढत असतात, आणि प्रवाळ आणि शेवाळ यांची जागेसाठी कायमची मारामारी चालू असते. शेवाळ चरणारे मासे ते खाऊन खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवतात. त्यांना रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत आयता पाव मिळाला तर ते चरणार कशाला? शिवाय पाव कुजतो, पाणी गढूळ होतं, आणि जे धीट मासे पावावर तुटून पडतात तेच तिथे वाढतात, बाकीचे लाजरेबुजरे लांब जातात. म्हणजे पाव घालून आपण जे बघायला आलोय तेच कमी करतोय.

आणि उभं राहण्याचं तर विचारूच नका. प्रवाळ दगडासारखं दिसतं कारण आत चुनखडीचा सांगाडा असतो, पण वरची पातळ साल जिवंत असते, हजारो बारीक बारीक जीव एकमेकांना चिकटून वसाहत करून राहतात. मालवणला जे गोलसर, गठ्ठ्यासारखं प्रवाळ दिसतं त्यातलं बरंचसं वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. डोक्याएवढा गोळा दिसला तर तो तुमच्या मुलांपेक्षा वयाने मोठा असू शकतो. त्यावर पायातली फिन (पोहायचं रबरी वल्हं) घासली की साल निघते आणि त्या जखमेवर शेवाळ बसतं. कायद्यानेही, वन्यजीव संरक्षण कायद्यात, ही प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला पांढरा मेलेला तुकडा शोकेससाठी उचलून नेणं हासुद्धा गुन्हाच, हे आमच्या कॉलनीत तरी कुणालाच माहीत नव्हतं.

आता दुसरी बोट, जिच्यासाठी खरं तर हा रिव्ह्यू लिहितेय.

आम्ही जिथे जेवायचो त्या खानावळीतल्या वहिनींनी त्यांच्या ओळखीतल्या एका गाबीत (मासेमारी करणाऱ्या समाजातल्या) कुटुंबाचं नाव सांगितलं. वडील आणि काका पूर्वी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचे, आता मुलगा आणि पुतण्या डायव्हिंगचं ट्रेनिंग घेऊन हे काम करतात. फोन केला तर त्यातल्या एका पोराने पैसे सांगायच्या आधी विचारलं, किती जण, लहान कोण, पोहता येतं का, कुणाला दमा, बीपी, हार्टचा त्रास, कानाचं ऑपरेशन वगैरे झालंय का, आणि सर्दी आहे का. यांना सर्दी होती. त्याने स्पष्ट सांगितलं की दादा तुम्ही वर वर तरंगून बघा, स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून खाली जाणं) नको, नाक बंद असलं तर कानाचं प्रेशर सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. म्हणजे स्नॉर्केलिंगपेक्षा महाग असलेलं स्कूबाचं एक गिऱ्हाईक त्याने स्वतःहून सोडलं. मला तिथेच पटलं की हा माणूस बरोबर आहे.

वेळ त्याने सकाळी साडेसातची दिली. मी म्हटलं एवढ्या लवकर? तर म्हणाला सकाळी मतलई वारे असतात, जमिनीवरून समुद्राकडे, पाणी तेलासारखं शांत असतं, अकरानंतर खारे वारे सुटले की लाटा उठतात आणि तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. आणि तारीखही त्याने एक दिवस पुढे ढकलायला सांगितली, कारण पौर्णिमेचं उधाण ओसरत होतं. उधाणाच्या भरतीत पाणी खूप चढतं-उतरतं, त्यामुळे किल्ल्याच्या कडेने ओढ जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी मंद हलतं, ओढ कमी आणि खालचं दिसतंही जास्त स्वच्छ. तुम्हाला तारीख निवडायची मुभा असेल तर कॅलेंडरमध्ये तिथी बघून जा, खरंच फरक पडतो. कोकणात एक जुना हिशोबही आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती. तासाभराचा फरक पडू शकतो, पण निदान कुठल्या वेळी पाणी चढणार आणि कुठल्या वेळी ओसरणार याचा अंदाज येतो. बाकी नेमक्या वेळा मोबाइलवर मिळतातच.

होडीवर चढताना माणसांचा आकडा स्वच्छ रंगवलेला होता आणि आम्ही त्यापेक्षा कमी होतो. लाइफ जॅकेट त्याने स्वतःच्या हाताने प्रत्येकाला घातलं, खांद्यापाशी धरून वर ओढून बघितलं, जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर साइझ बदलली. मुलीसाठी लहान मुलांचं जॅकेट होतं ज्याला पायांमधून जाणारा पट्टा असतो, म्हणजे ते वर सरकत नाही. सासूबाई उतरणार नव्हत्या पण त्यांनाही जॅकेट घालायला लावलं, त्या नको नको म्हणत होत्या तर तांडेल (होडी चालवणारे) काका म्हणाले, "आये, तू हंयसर बस, भिया नको, पण ह्या घालूकच होया." २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले, तेव्हापासून लोकांनी तरी याबाबतीत भीड ठेवू नये असं मला वाटतं. जॅकेट नीट नसेल, माणसं जास्त वाटली, तर सरळ उतरून जा, पैसे गेले तरी चालतील.

मग पाऊण-एक तास त्यांनी आम्हाला जे दाखवलं त्याला तोड नाही. आधी किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात, जिथे खाली फक्त वाळू आहे, तिथे सराव. मास्कमध्ये थुंकी लावून धुवायची म्हणजे धुकं धरत नाही. केस मास्कच्या कडेत अडकले तर पाणी आत येतं, यांच्या मिशांमुळेही थोडं येत होतं, तर त्याने मिशांवर थोडं व्हॅसलीन लावायला दिलं. तोंडाने श्वास घ्यायचा, सावकाश. पाइपात पाणी गेलं तर जोरात फुंकून बाहेर काढायचं, घाबरून मास्क ओढायचा नाही. पाय सायकल चालवल्यासारखे खाली मारायचे नाहीत, आडवे राहून मांडीपासून हळू हलवायचे. हे सगळं जमल्याशिवाय पुढे नेणार नाही असं त्याने सांगितलं आणि खरोखर नेलं नाही, माझा आत्तेभाऊ सोबत होता त्याला जमायला वेळ लागला तर सगळे थांबले, कुणी घाई केली नाही.

किल्ल्यामागे गेल्यावर नांगर टाकला नाही. तिथे एक बुया (पाण्यावर तरंगणारा बोया) होता, दोरीला बांधलेला, त्याला होडी अडकवली. पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांना एक गोल रिंग दिली धरायला, चार जण एका रिंगला, आणि तो मध्ये. उतरताना पहिलं वाक्य हेच, "ताईनू, पाय टेकू नकात हां, ह्यो दगड नाय, जित्तो जीव आसा." कुणीतरी पाव मागितला (आत्तेभावानेच), तर काका वरून, "माशांका पाव कित्याक होयो?" आणि विषय संपला.

पाव नाही म्हटल्यावर मासे येतील का ही शंका मलाही होती. पहिली दोनेक मिनिटं काहीच दिसलं नाही, नुसतं हिरवट पाणी आणि सारगॅसम या समुद्री शेवाळाची लांब लांब तपकिरी झुडपं लाटेबरोबर डावीउजवीकडे वाकताहेत, त्यांना मिऱ्याएवढे हवेचे फुगे असतात ज्यांच्या जोरावर ती उभी राहतात. मग डोळे सरावले. आणि मग जे दिसायला लागलं ते थांबेचना. ताटल्या एकात एक रचल्यासारखं प्रवाळ, त्याच्या शेजारी गोल गठ्ठा, अगदी जवळ गेल्यावर त्यावर बारीक चांदण्यांसारखी नक्षी. पिवळी फुलपाखरी माशांची जोडी एकमेकांना सोडत नव्हती. खडकाच्या फटीत एक गोबरा मासा, फक्त तोंड बाहेर. काळ्या काट्यांचे सी अर्चिन कपारीत बसलेले (म्हणून पण पाय टेकायचा नसतो, काटा पायात मोडला तर निघता निघत नाही).

आणि एक गोष्ट मी आयुष्यात विसरणार नाही. त्या पोराने माझा हात धरून एका सपाट खडकापाशी थांबवलं आणि बोट दाखवलं. तिथे तळहाताएवढा जांभळट डाग होता, रंग सांडल्यासारखा, आणि त्याच्यावर एक काळ्या पट्ट्यांचा मासा, तोच जो सगळ्यांच्या पावाच्या फोटोत असतो, एकटाच फिरत होता. दुसरा कुठलाही मासा जवळ आला की तो अंगावर धावून जायचा, मग परत येऊन त्या डागावर पंखांनी वारा घालायचा. वर आल्यावर कळलं की तो डाग म्हणजे अंडी, आणि राखण करणारा नर. मादी अंडी घालून जाते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत बापच राखतो. हाच मासा पाव पडला की जागा सोडून पळतो आणि तेवढ्यात दुसरे मासे अंडी फस्त करतात असं तो पोरगा म्हणाला. मुलगी ते ऐकून इतकी गंभीर झाली की परत येताना शेजारून जाणाऱ्या बोटीतल्या मुलांना ओरडून सांगत होती पाव टाकू नका म्हणून. तिला त्या दिवशी पाण्यात उतरायला मिळालं हे तर आहेच, पण तिला बघायला काय मिळालं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रवाळाची अवस्था सगळीकडे चांगली आहे असं मात्र नाही. मधे मधे पांढरे पडलेले तुकडे दिसतात, काही ठिकाणी सरळ मोडलेले. पाणी जास्त तापलं की प्रवाळाच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ निघून जातं, त्याच शेवाळावर त्याचा रंग आणि बराचसा आहार अवलंबून असतो, मग ते पांढरं फटक पडतं. लवकर थंडावा आला तर सावरतं, नाही तर मरतं. २०२४ मध्ये तर जगभरच मोठ्या प्रमाणावर हे झाल्याचं जाहीर झालं. समुद्राचं तापमान आपल्या हातात नाही, पण आधीच आजारी असलेल्याच्या अंगावर उभं न राहणं हे तर आहे ना.

स्कूबाबद्दल थोडंसं, कारण मी स्वतः तेही केलं. पोहता न येणाऱ्यांना जे करवतात त्यात इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ मागून धरून असतो, त्यामुळे पोहणं यायलाच पाहिजे असं नाही, पण तीन खुणा पाठ पाहिजेत, ठीक आहे, वर चल, आणि कान दुखतोय. कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकं फुंकायचं, दुखायला लागल्यावर नाही. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही. आदल्या रात्री दारू घेतली असेल तर उतरू नका. विमानाने जाणार असाल, चिपीहून किंवा मोपाहून, तर डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास तरी जाऊ द्यावे लागतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी फ्लाइट असा प्लॅन करू नका. ज्यांना नीट शिकायचंय, सर्टिफिकेट वगैरे, त्यांच्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग संस्था आहे.

सनस्क्रीनचं पण सांगते. पाण्यात उतरायच्या आधी लोक पांढरे होईस्तोवर क्रीम थापतात आणि ते सगळं प्रवाळावर उतरतं. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. आम्ही लांब बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट आणि लेगिंग्ज घालून गेलो, क्रीम फक्त तोंडाला, तेही अर्धा तास आधी. जेलीफिशपासूनही अंग वाचतं. चुकून जेलीफिश लागलाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि दम लागला किंवा अंगावर सूज आली तर थेट डॉक्टर.

डॉल्फिन बघायला देवबागकडे जे नेतात त्यात पण हाच फरक बघा. काही होड्या डॉल्फिन दिसला की इंजिन वाढवून त्याच्या मागे लागतात, चार बाजूंनी चार होड्या, तो बिचारा श्वास घ्यायला वर येतो आणि पुन्हा पळतो. आमच्या काकांनी लांबच इंजिन बंद केलं आणि थांबले. तीन वेळा पाठी दिसल्या, एकदा पिल्लू शेजारी. सासूबाईंनी हात जोडले. कर्लीच्या खाडीचा जिथे समुद्राशी संगम होतो तिथे पाणी दिसायला उथळ आणि शांत असलं तरी ओहोटीच्या वेळी ओढ भयंकर असते, तिथे पोहायला उतरू नका, कुणी कितीही म्हणालं तरी.

आता पैसे. स्नॉर्केलिंगला माणशी पाचशेच्या आसपास दोन्हीकडे लागले, सीझन आणि गर्दीप्रमाणे कमीजास्त होतं. दुसरीकडे फोटो फ्री नव्हते, त्याचे वेगळे द्यावे लागले आणि ते फोटो फारसे चांगलेही नाही आले, कॅमेरा जुना होता त्यांचा. अजून एक, परत आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळीची सोय अगदीच जेमतेम होती, एक बादली आणि पत्र्याचा आडोसा, बायकांसाठी अवघड आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहितेय कारण एवढं चांगलं काम करणाऱ्यांनी तेवढं सुधारलं पाहिजे. पाच पैकी साडेचार देईन, तो अर्धा फक्त बाथरूमचा. पहिल्या बोटीला एक, आणि तो सुद्धा सुखरूप परत आणलं म्हणून.

फोनवर बुकिंग करताना मी आता एवढंच विचारते: होडी नांगरता की बुयाला बांधता, पाव घालता का, आणि लहान मुलांचं जॅकेट आहे का. "पाव घालतो ना, भरपूर मासे येतात" असं उत्तर आलं की फोन ठेवते. हे पाच-पन्नास गिऱ्हाइकांनी विचारायला लागलं ना तर सहा महिन्यांत मालवणचं चित्र बदलेल, कारण ही सगळी स्थानिक पोरं आहेत, त्यांना समुद्र आपल्यापेक्षा जास्त कळतो, पाव ते आपल्याला फोटो पाहिजे म्हणून घालतात. त्या पोरानेच सांगितलं, की सुरुवातीला पाव नाही म्हटलं की लोक दुसऱ्या बोटीकडे जायचे, त्याचा पहिला सीझन तोट्यात गेला होता.

किल्ल्याबद्दल वेगळं लिहीत नाही, १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पाया घातलेला किल्ला आहे, तो तुम्ही बघणारच, आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या चारही बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या राहिलेल्या विहिरी चुकवू नका. फक्त पाण्याची बाटली आणि वेफर्सचं पाकीट तटावरून वाऱ्याने उडालं की थेट त्याच प्रवाळावर जातं, तेवढं पिशवीत ठेवा.

जेवणाचं एक राहिलं. मालवणला येऊन मासे खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः दोन्ही वेळेला खाल्ले. पण मोरी (शार्क) आम्ही आता मागवत नाही, त्यातल्या बऱ्याच जाती संकटात आहेत आणि वाढायलाही वर्षानुवर्षं लागतात. ताटात वीतभर सुरमई आली तर ती पिल्लू असते, राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय तो यासाठीच. वहिनींना सांगितलं की ताजा बांगडा, पेडवे, तिसऱ्या (शिंपल्या) जे असेल ते द्या, तर त्यांनी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं केलं.

जायचं कधी? जून ते ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नद्यांचा गाळ असतो, पाणी चहासारखं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत सगळ्यात चांगलं, पण नाताळचा आठवडा टाळा, तेव्हा किल्ल्यामागे होड्यांना होड्या लागलेल्या असतात आणि चांगल्या बोटवाल्यालाही शिस्त पाळणं जड जातं. मधल्या वारी जा, सकाळची पहिली बोट मागा, आणि चष्मा लागत असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारून ठेवा, आमच्या ग्रुपकडे दोनच होते.